नंबर नऊची आई

बारामतीच्या त्या क्लासमध्ये पालकसभेला कुणी कुठं बसायचं हे मुलांच्या नंबरावरून ठरायचं. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतेय. पण तसंच होतं. हॉलमध्ये सगळ्यात पुढं दोन लांबलचक सोफे, त्यांवर पांढऱ्या खोळी. ते पहिल्या दहा नंबरांच्या आईबापांसाठी. त्यांच्यामागं गादीच्या खुर्च्या, पन्नास नंबरापर्यंत. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आणि अगदी मागं, जिथं पंख्याचा वारा पोचत नव्हता तिथं, सतरंजी. दारात एक मुलगी यादी घेऊन उभी असायची. ती नाव विचारायचीच नाही. "रँक?" एवढंच विचारायची. सोफ्यावरच्यांना चहा कपबशीतून, बाकीच्यांना कागदी कपातून. सतरंजीपर्यंत येईस्तोवर किटली बहुतेक वेळा रिकामी झालेली असायची.

माझी मुलगी पहिल्या चाचणीत अकरावी आली. म्हणजे मी सोफ्याच्या बरोबर मागं. पुढच्या बाईच्या अंबाड्यावरचा गजरा माझ्या नाकाशी येत होता. त्या दिवशी मला राग आला होता, चांगलाच आला होता. कशाचा? माणसं अशी दाणे निवडल्यासारखी निवडून बसवतात याचा? छे. एका नंबरानं सोफा हुकला याचा.

आम्ही बावड्याचे, इंदापूर तालुक्यातले. ऊस सगळ्यांसारखा आमचाही आहे, पण घर चालतं ते मिरची, टोमॅटो आणि दोडक्यावर. घरात आम्ही चौघं: माझे सासरे, म्हणजे आबा, मालक, मी आणि आमची एकुलती एक मुलगी. शेजारच्याच घरात जाऊबाई. दहावीला मुलगी गावच्या शाळेत पहिली आली आणि आठवड्याच्या आत क्लासची दोन माणसं गाडीतून दारात हजर. हातात पेढ्यांचा पुडा आणि क्लासचं नाव छापलेली सॅक.

आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "तुमाला कसं कळलं वो आमच्या पोरीचे मार्क?"

"आमचं नेटवर्क हाय, काका," त्यातला एकजण हसून म्हणाला.

"चांगलं हाय," आबा म्हणाले. "काल आमची म्हस व्याली, ते आलं का नेटवर्कात?"

माणसं पुन्हा हसली. हसणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. तासाभरात त्यांनी मला आणि मालकांना पटवून दिलं, की आमच्या मुलीचं डॉक्टर होणं ठरलेलंच आहे, आड येतोय तो फक्त बावडा. मुलीला विचारलं का? विचारलं ना. "तुला डॉक्टर व्हायचंय ना?" असं विचारलं. सोळा वर्षांची पोर, समोर पेढे, शेजारी बापाचे चमकणारे डोळे. ती काय म्हणणार होती?

मग बारामतीत क्लासच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मुलीबरोबर मी. आबांचं आणि मालकांचं जेवण जाऊबाईंच्या गळ्यात. अकरावी-बारावीसाठी मुलीचं नाव इंदापूरच्या बाजूच्या एका कॉलेजात घातलं. घातलं म्हणजे नुसतं नावच. दोन वर्षांत ती त्या कॉलेजात दोनदा गेली, एकदा फॉर्मवर सही करायला आणि एकदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. सूक्ष्मदर्शकाच्या कुठल्या टोकाला डोळा लावायचा हे तिला तिथल्या शिपाईमामांनी दाखवलं. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. मिळणारच, क्लासनं तशी व्यवस्था केलेली होती. भावी डॉक्टर जर्नल दुसऱ्याकडून लिहून घेतात हे मला तेव्हा कळलं, आणि मी त्यातही अभिमान मानला. आमच्या मुलीला असल्या फालतू गोष्टींना वेळ नाही म्हणून.

आमच्या बिल्डिंगमध्ये सहा घरं होती आणि सहाही घरांत माझ्यासारख्याच बाया. नवरे गावाकडं, बाया मुलं घेऊन बारामतीत. सुरुवातीला आम्ही एकमेकींना गावांवरून ओळखायचो, मी बावड्याची, समोरची कन्हेरीची. कन्हेरी तर जवळच, मुलगी रोज येऊन-जाऊन शिकली असती. पण जाण्यायेण्यात वीस मिनिटं वाया जातात असं सरांनी सांगितलं होतं. सर म्हणजे क्लासचे मालक. ते स्वतः काही शिकवत नसत. ते बोलत.

दर रविवारी चाचणी आणि दर सोमवारी सकाळी क्लासच्या जिन्याच्या तोंडाशी यादी. महिन्याभरात आमची गावं पुसली गेली आणि नंबर आले. "सातवीची आई दळणाला गेलीय." "एकशे बाराची आई मिक्सर मागत होती." हे आम्ही थट्टेनं म्हणत नव्हतो. एकशे बाराच्या आईला मी मिक्सर दिला नाही. बिघडलाय म्हणून सांगितलं. ती बाई आपल्या मुलीचा अभ्यास सोडून इडल्या करत बसते, मग नंबर कसा येणार, असं मी कन्हेरीवालीला म्हणाले. कन्हेरीवालीची मुलगी चौथी होती, त्यामुळं तिला माझं म्हणणं पटलं.

माझी मुलगी हे सगळं बघत होती. ती मुळात बोलकी. आबा तिला 'मास्तर' म्हणायचे, कारण पेपर वाचून दाखवताना ती त्यांचे उच्चार सुधारायची. बारामतीत आल्यावर तिचं बोलणं आटत गेलं. एकच गोष्ट तिनं सोडली नाही. रविवारी चाचणी देऊन आली की आधी आबांना फोन. जेवायच्याही आधी. दहा मिनिटं, कधी पंधरा. पेपर कसा गेला हे आबा कधी विचारत नसत. मिरचीवर काय पडलंय, कुणाच्या शेळीनं कुणाचं काय खाल्लं, असल्या गप्पा. मला ती पंधरा मिनिटं खुपायची. मी घड्याळाकडं बघत उभी राहायची.

बारावीच्या वर्षी, थंडीत, एका गुरुवारी सकाळी मालकांचा फोन आला. मुलगी सातलाच क्लासला गेली होती.

"आबा गेले," मालक म्हणाले. "चहा पीत हुते. कप हातात तसाच ऱ्हायला."

मी क्लासमध्ये फोन केला, मुलीला सोडा म्हणून. फोन घेणारीनं तो थेट सरांना दिला. असं एरवी कधी होत नसे. पण अकरा नंबरचं घर होतं ते.

"ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो," सर म्हणाले. "पण रविवारी ग्रँड टेस्ट आहे. आत्ता तिची लय लागलीय. गावी नेलंत की पंधरा दिवस गेले म्हणून समजा. गेलेला माणूस परत येत नाही, ताई, आणि गेलेले मार्कही येत नाहीत. निर्णय अर्थात तुमचा."

मी मालकांना परत फोन लावला. सर काय म्हणाले ते सांगितलं. पलीकडं बायांच्या रडण्याचा आवाज येत होता. मालकांनी विचारलं, "तुला काय वाटतं? आबा असते तर काय म्हनले असते?"

"आबा म्हणाले असते, पोरीचं शिक्षण आधी," मी म्हणाले.

आबा असं काही म्हणाले नसते हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मालकांनाही. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला सोयीचं वाक्य घालायला कष्ट पडत नाहीत. मालक "बरं" म्हणाले.

मी चिठ्ठी लिहिली: 'गॅसच्या केवायसीसाठी गावी जाते. पिठलं झाकून ठेवलंय. संध्याकाळी येते.' इंदापूरची एसटी धरली, तिथून बावडा. आबांना नेलं, अंघोळी झाल्या, आणि दिवेलागणीच्या आत मी बारामतीत परत. जाऊबाई मला वेशीपर्यंत सोडायला आल्या होत्या. "पोरीला आनलं न्हाईस," एवढंच म्हणाल्या. मी म्हणाले, "टेस्ट आहे." त्यांनी मान हलवली. गावात सगळ्यांनाच ते पटलं, मोठ्या शिक्षणाचं काहीतरी असेल म्हणून.

मुलगी क्लासवरून आली. "केस ओले कसे तुझे?"

"घरी पाणी तापलं होतं, न्हाऊन घेतलं."

"देवाजवळ दिवा नाही लावला?"

"तेल संपलंय."

ती पिठलं-भाकरी खाऊन पुस्तक उघडून बसली. खोटं बोलायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी त्रास झाला.

रविवारी चाचणी देऊन आली आणि फोन उचलला. मी आधीच तयारी ठेवली होती. "आबांचा फोन हौदात पडलाय. दुकानात दिलाय दुरुस्तीला."

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "म्हशीला पाणी पाजताना पडला असणार. मी सांगितलं होतं त्यांना, वरच्या खिशात ठेवू नका. मग बाबांच्या फोनवर लाव ना."

"बाबा मार्केटला गेलेत. टोमॅटो आहे ना आज."

"मग पुढच्या रविवारी," ती म्हणाली, आणि उत्तरं तपासायला बसली.

सोमवारी यादी लागली. मुलगी नववी. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून तो आकडा तीनदा वाचला. घरात सुतक, आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कन्हेरीवाली म्हणाली, "बघा, तुमी किती धीरानं घेतलं." तिला मी सांगितलं होतं. तिनं आणखी कुणाकुणाला सांगितलं होतं. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, आणि सगळ्या बायांनी मिळून एका मुलीपासून ते लपवलं होतं. या कामात आमची एकी बघण्यासारखी होती. एकशे बाराची आई तेवढी एकदा दारात येऊन म्हणाली, "सांगा वो तिला. आज ना उद्या कळंलच की." मी दार लावून घेतलं.

शनिवारी दहावा झाला. त्यालाही मी बँकेतल्या सहीचं निमित्त करून जाऊन आले. नीरेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. माणसं एकेक करून बोलत होती, "आबा, पोरांचं बघू आमी, काळजी करू नका." तरी शिवेना. मग कुणीतरी म्हणालं, "आबा, नातीला आणतो." मी खाली बघत उभी होते. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पालकसभा. दारातल्या मुलीनं विचारलं, "रँक?"

"नऊ," मी म्हणाले. अकराव्या दिवशी, घरात सुतक असताना, मी काठापदराची साडी नेसून पांढऱ्या खोळीच्या सोफ्यावर जाऊन बसले. कपबशी आली. बशीत एक क्रीमचं बिस्कीटही होतं.

पहिल्या दहा मुलांना स्टेजवर बोलावलं होतं. प्रत्येकाच्या हातात एक सोनेरी प्लॅस्टिकचा चषक दिला जाई आणि सर त्याच्याविषयी दोन वाक्यं बोलत, दहाव्या नंबरापासून वर. दहावा झाला. मग माझी मुलगी पुढं आली. सरांनी चषक तिच्या हातात दिला आणि माइक तोंडाजवळ धरला.

"आणि आता मी तुम्हाला त्याग म्हणजे काय ते सांगतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. तो हवा तेव्हा भरून येत असे. "ही समोर बसलेली माऊली बघा. घरात सासऱ्यांचं निधन झालं. पण या माऊलीनं मुलीला साधी बातमीसुद्धा कळू दिली नाही. दुःख गिळलं. का? मुलीचा फोकस हलू नये म्हणून! आणि निकाल तुमच्यासमोर आहे. अकरावरून नऊ!"

टाळ्या. मागच्या गादीच्या खुर्च्यांवर कुणीतरी बाई हुंदका देत म्हणाली, "याला म्हणतात आई."

मुलगी चषक धरून उभी होती. तिच्या तोंडावर आधी नुसता गोंधळ होता, चुकीचं नाव पुकारलं गेल्यासारखा. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"कधी?" ती म्हणाली. ती हळूच म्हणाली, पण सरांच्या हातातल्या माइकनं ते सगळ्या हॉलला ऐकवलं.

"बेटा," सर म्हणाले, "आज अभिमानाचा दिवस आहे. भावनिक व्हायचं नाही."

"आई, कधी?"

"मागच्या गुरुवारी," मी बसल्या जागेवरून म्हणाले. "त्याच्या आधीच्या... अकरा दिवस झाले."

तिनं चषक टेबलावर ठेवला, बाकीच्यांच्या रांगेत, सरळ. आणि ती मधल्या वाटेनं चालत निघाली. सोफे, गादीच्या खुर्च्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सतरंजी. सतरंजीवरची माणसं पाय आखडून घेऊन तिला वाट देत होती. मी उठले. पण खरं सांगायचं तर मी लगेच उठले नाही. हातातला कप आधी नीट बशीत ठेवला, खोळीवर चहा सांडू नये म्हणून.

मागं सर म्हणत होते, "टाळ्या! या मुलीच्या संवेदनशीलतेसाठी टाळ्या!" आणि खरंच टाळ्या पडल्या.

मी स्टँडवर पोचले तोवर इंदापूरची गाडी सुटलेली होती. पुढची तासाभरानं मिळाली. बावड्यात घरी आले तर मुलगी ओसरीवर जाऊबाईंना समोर बसवून एकेक गोष्ट विचारत होती. आबांनी आदल्या दिवशी काय खाल्लं? कप कुणी हातातून काढून घेतला? अंघोळ कुणी घातली? अंगावर कुठलं धोतर होतं? जाऊबाई डोळ्याला पदर लावून सांगत होत्या आणि मुलगी कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती, परीक्षेला कामाला येणार असल्यासारखी. मालक खांबाला टेकून बसले होते. मी आले तेव्हा कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

तेराव्याला तिनं पंगतीत वाढलं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या ताटात मात्र बुंदीचा लाडू इतरांसारखाच वाढला.

चौदाव्या दिवशी सकाळी तिची सॅक भरलेली होती. "चल बारामतीला," ती मला म्हणाली.

मला वाटलं होतं ती आता जाणारच नाही. तसं बोलले, तर म्हणाली, "केमिस्ट्री राहिलीय माझी. अर्धं कशाला सोडू? परीक्षा देणार मी. पण रविवारच्या टेस्टला बसणार नाही. आणि तू त्या सभेला जायचं नाहीस."

मालक म्हणाले, "ती म्हनती तसं कर."

तिनं चाचणी देणं बंद केलं आणि यादीत तिच्या नावापुढं आकड्याच्या जागी 'गैरहजर' असं यायला लागलं. पहिल्या नंबरांची वेगळी स्टार बॅच असायची, तीही तिची गेली. सरांनी मला बोलावून घेतलं. "ताई, तुमची मुलगी सिस्टीमच्या बाहेर चाललीय. मी तिला मोठं करायला बघतोय आणि ती मला स्टेजवर अपमानित करून जाते." मला त्या माणसाला खूप काही बोलायचं होतं. जिना चढताना मी वाक्यं जुळवली होती. समोर गेल्यावर तोंडातून निघालं, "बरं, सर."

आणि मुलीनं नको म्हटलेलं असतानाही मी पुढच्या सभेला गेले. सवयच ती. दारातल्या मुलीनं विचारलं, "रँक?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं यादी वरखाली बघितली. "रँक नसेल तर कुठं बसवू तुम्हाला?"

शेवटच्या नंबरालाही सतरंजी होती. आम्हाला तीही नव्हती. मी दाराशी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले. बिल्डिंगमधल्या बाया जिन्यात भेटल्या की आता बाजूला सरकून वाट द्यायच्या, जरा जास्तच. कन्हेरीवालीनं माझ्याकडं येणं सोडलं. तिच्या मुलीवर परिणाम होईल म्हणे. एकशे बाराच्या आईनं एका सकाळी इडल्यांचा डबा आणून दिला. तिनं माझ्या मिक्सरची आठवण काढली नाही. काढायला हवी होती, मला बरं वाटलं असतं.

मेडिकलची नीट परीक्षा झाली, निकाल लागला. मार्क वाईट नव्हते, पण सरकारी एमबीबीएसला पुरणारे नव्हते. त्या संध्याकाळी क्लासमधून फोन, रिपीटर बॅचसाठी. दुसऱ्या दिवशी परत फोन, परदेशातल्या मेडिकल कॉलेजसाठी. आमच्या मुलीचं पुढं काय, याची एवढी काळजी दोन वर्षांत त्यांनी कधी केली नव्हती.

आठवड्यानं मालकांना लोकांचे अभिनंदनाचे फोन यायला लागले. आम्हाला काही कळेना. मग एकानं फोटो पाठवला. इंदापूरच्या एका चौकात क्लासचा भलामोठा फ्लेक्स लागला होता. चाळीसेक मुलांचे फोटो, आणि त्यात आमची मुलगी. खाली नुसते बायोलॉजीचे मार्क, टपोऱ्या अक्षरात. फिजिक्स, केमिस्ट्री कुठं गेलं याचा पत्ता नाही. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी डॉक्टरच झाली. गावात सत्काराची तयारी सुरू झाली, शाल-नारळ आणायला माणूस गेलासुद्धा.

मालक म्हणाले, "जाऊ दे की. लोक चांगलंच बोलत्यात. कशाला न्हाय म्हनायचं?"

मुलीनं क्लासला फोन लावला. मी शेजारी होते. "सर, माझा फोटो काढा," ती शांतपणे म्हणाली. "नाहीतर मी रोज त्या फ्लेक्सखाली उभी राहीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाकीच्या दोन विषयांचे मार्क सांगीन."

दोन दिवसांत फोटो गेला. पण नवा फ्लेक्स कोण छापणार? त्यांनी ब्लेडनं तेवढा चौकोन कापून काढला. भावी डॉक्टरांच्या रांगेत एक खिडकी पडली आणि तिच्यातून मागचं रसवंतीचं गुऱ्हाळ दिसायला लागलं. तो फ्लेक्स तसाच दिवाळीपर्यंत होता. सत्काराच्या नारळाचं काय झालं कुणास ठाऊक, कुणीतरी वड्या केल्या असतील.

मुलीनं बारामतीतच बीएस्सीला प्रवेश घेतला, मायक्रोबायोलॉजीला. ती होस्टेलवर राहिली, मी बावड्याला परत आले. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तो सूक्ष्मदर्शकाबद्दल, दह्याच्या एका थेंबात काय काय दिसतं ते सांगायला. फोन मालकांना केला होता. मालकांनी तो स्पीकरवर ठेवला म्हणून मी ऐकला. माझ्याशी ती पहिल्यासारखं बोलायला लागली त्याला दीड वर्ष लागलं. त्या गुरुवारचा विषय ना तिनं काढला, ना मी. मी माफी मागितलेली नाही. मागायला गेले की घशातून भलतंच काहीतरी येतं. "जेवलीस का?" असं.

आता ती एमआयडीसीत दुधाच्या प्रक्रियेच्या एका कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी मोटरसायकलींच्या लोंढ्यात तिची स्कूटी. आवडतं का, असं मी एकदा विचारलं. या वेळी नीट विचारलं, उत्तर न सुचवता. ती म्हणाली, "आवडतं. कधीकधी कंटाळा पण येतो." कन्हेरीवालीची मुलगी एमबीबीएस करतेय. हुशार आणि कष्टाळू मुलगी आहे, होईल चांगली डॉक्टर. मला अजून तिचा हेवा वाटतो. एवढं सगळं होऊनही वाटतो, हे मी लपवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात जाऊबाईंची धाकटी लेक दहावी पास झाली. पुन्हा तीच गाडी, तेच पेढे, सॅकचा रंग तेवढा बदललेला. जाऊबाई संध्याकाळी आमच्याकडं आल्या. मुलगी सुट्टीला घरी होती. मी तोंड उघडलं आणि मनात साठलेलं सगळं ओकले. सोफे, यादी, सतरंजी, सरांचा भरून येणारा आवाज, सगळं. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या मुलीकडं वळून विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. तू सांग, कुठली बॅच चांगली?"

मला वाटलं मुलगी फटकारेल. पण तिनं नीट सांगितलं. केमिस्ट्रीचे कुठले मास्तर खरंच चांगलं शिकवतात, कुठली पुस्तकं घ्यायची, खोली घेताना पाण्याचं काय बघायचं.

मी चिडले. "अगं, तू पण? तूच पाठवतेस तिला तिकडं?"

"तिला जायचंय, आई. मी विचारलंय तिला," ती म्हणाली. मग जाऊबाईंना म्हणाली, "काकू, एकच करा. घरात काही झालं, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर तिला त्याच दिवशी सांगा. परीक्षा असली तरी."

आबांचा कप ज्यांनी हातातून काढून घेतला त्या याच जाऊबाई. तेरा दिवस ओसरीवर बसून रडल्या होत्या, शेवटचे दोन दिवस माझ्या मुलीला जवळ घेऊन. त्या हसायला लागल्या. तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "खुळी का काय तू? परीक्षेच्या टायमाला असलं कोन सांगतं व्हय?"

जूनमध्ये त्यांच्या गाद्या आणि गॅसची शेगडी टेम्पोत चढली. सामान चढवायला मीही हात लावला.